शेपू, दुपारी दोन ते चार

आमच्याकडे हिवाळ्यात दही कॉम्प्युटरवर लागायचं. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं, आणि स्वयंपाकघर नि बाहेरची खोली यांच्या मधल्या भिंतीला टेकून त्याचा पिवळा पडलेला कॅबिनेट उभा असायचा. तो दिवसरात्र चालू, त्यामुळे त्याचा माथा कायम कोमट. नाशिकची थंडी ज्यांनी काढली आहे त्यांना ठाऊक आहे, डिसेंबरात विरजण लावलेलं दूध सकाळी दूध म्हणूनच भेटतं. आईने एकदा सहज पातेलं त्याच्या डोक्यावर ठेवलं, भोवती टॉवेल गुंडाळला, आणि सकाळी बघते तर सुरीने कापावं असं दही. "लय गुणाचं हाय गं तुझं हे," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिने त्याला भंगार म्हणणं सोडलं. मी कपाळावर हात मारला. मागच्या पंख्यात टॉवेल अडकणार नाही एवढं फक्त बघून घेतलं.

तसं ते भंगारच होतं. नाशिकरोडला एका जुन्या सामानाच्या दुकानातून आणलेलं, एक बाजू उघडी, आत कुणा कचेरीतली वर्षानुवर्षांची धूळ. मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर फुकट आलेली, कॉम्प्युटर चालवायच्या लिनक्स प्रणालीची तबकडी माझ्या हाती लागली होती. सात वेळा ते बसवायचा प्रयत्न केला. सहा वेळा काळा पडदा. सातव्यांदा काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत माझं नाव विचारलं गेलं, आणि मला जो आनंद झाला तो नंतर नोकरीच्या पहिल्या पत्रानेही झाला नाही. वापरायला ते सोपं मुळीच नव्हतं. मराठी लिहायला गेलं की पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाऊन बसायची, आवाज यायचा तर चित्र जायचं. पण त्यातलं प्रत्येक झाकण उघडून बघता येत होतं, आणि मला लहानपणापासून झाकण उघडून बघायची वाईट खोड. अडलं की कॅफेत जायचं आणि लिनक्सवाल्यांच्या ईमेल यादीवर प्रश्न टाकायचा. तिथे 'नाना, संगमनेर' अशी सही करणारे एक गृहस्थ होते. ते आधी झापायचे, मग उत्तर द्यायचे, आणि उत्तर कधीही चुकायचं नाही. त्यांना मी कधी पाहिलं नाही. आवाजही ऐकला नाही. तरी त्यांनी मला जेवढं शिकवलं तेवढं कॉलेजात कुणी शिकवलं नाही, हे सांगून टाकलेलं बरं.

माझे वडील, अण्णा, वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होते. तिथे दर तासाला मीटर वाचून लॉगबुकात आकडे भरायचे, आणि ते लॉगबुक हा अण्णांचा धर्म होता. आकडा चुकला तर खोडरबर नाही, गिरवणं नाही. एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा आणि सही. घरातही तसंच. दूधवाल्याच्या कॅलेंडरवर आईने चुकून फुली मारली तर तिच्यावर आडवी रेघ मारून ते खाली सही करायचे. माझं मशीन चालू झालं तेव्हा त्यांनी मला लांब पुठ्ठ्याचं रजिस्टर आणून दिलं, लाल पेनने रकाने आखून दिले आणि सांगितलं, "यंत्र म्हटलं की लॉगबुक पाहिजे. कधी सुरू केलं, कधी बंद पडलं, कोण आलं, कोण गेलं. सगळं." मी ते मन लावून भरायची. संध्याकाळी चहाला बसलो की अण्णा सांगायचे, दोन नंबरचं युनिट सलग नव्वद दिवस चालू आहे. मी सांगायची, माझं एकशे चाळीस. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "आणि माझं बावीस वर्षं." आम्ही दोघं हसायचो. आता त्या वाक्यावर हसू येत नाही.

आमच्या मशीनला एक मोठं सुख होतं. बाकी जिल्ह्यात तेव्हा लोडशेडिंगचे तास वाटून दिलेले असायचे. आईच्या माहेरी चांदवडकडे तर विहिरीवरची मोटर कधी सुरू होईल यावर माणसांची झोप ठरायची. वसाहतीत मात्र वीज जात नसे. खिडकीतून कूलिंग टॉवर दिसायचे, पाण्याचा धो-धो आवाज चोवीस तास कानात असायचा, मधूनच बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला की पाहुणे दचकून उभे राहायचे आणि आम्ही आमटीचा भुरका मारत बसायचो. राखेचं तेवढं दुःख. वारा फिरला की दोरीवरचे कपडे करडे व्हायचे, आणि कुठल्या दिवशी कुरडया घालायच्या हे वसाहतीतल्या बायका पंचांगापेक्षा धुराकडे बघून ठरवायच्या.

त्या कुरडया घालायच्या गच्चीवरच सगळं सुरू झालं. वसाहतीतल्या पोरांनी गेम खेळायला इमारती-इमारतींमध्ये तारा टाकल्या होत्या. पोरं शिकायला बाहेरगावी गेली, कॉम्प्युटर घराघरांत झाकून पडले आणि तारा तशाच लोंबत राहिल्या. मी त्या पुन्हा जोडल्या. गच्चीच्या कठड्यावर पोटावर पडून, तोंडात पक्कड धरून मी तार ओढत होते तेव्हा शेजारी आई आणि तिच्या मैत्रिणी पालेभाजी निवडत बसल्या होत्या. मी त्यांना म्हणाले, तुमच्या गप्पा इथल्या इथे का थांबवता, माझ्या मशीनवर एक जागा करते, घरी बसल्या बसल्या लिहा, दुसरीने आपल्या घरी वाचायचं. "आणि नवऱ्यांनी?" एकीने विचारलं. मी म्हटलं, पासवर्ड फक्त महिला मंडळात. खरं नावसुद्धा लिहायचं नाही. मग नावं काय घ्यायची, तर समोर पसरलेल्या भाज्या होत्याच. आई अंबाडी झाली. कुणी चाकवत, कुणी घोळ, कुणी करडई. ज्या जागेवर हे लिहायचं तिचं नाव गच्ची. मी पोक्तपणे भाषण ठोकलं की हे बाहेरच्या कुठल्या कंपनीच्या मशीनवर नाही, आपल्या इथे, आमच्या घरात आहे, इथे तुम्हाला कुणी बघत नाही. त्या वयात माणूस फार लवकर शब्द देतो.

हल्ली माझ्या फोनवर चौदा ग्रुप आहेत. सोसायटीचा, मुलीच्या शाळेचा, माहेरचा, सासरचा, आणि एक असा की तो कशाचा आहे हे कुणालाच आठवत नाही. तिथे प्रत्येकाचा खरा नंबर, खरा फोटो, आणि दिवसभरात एकही खरं वाक्य नाही. गच्चीवर सगळी नावं खोटी होती आणि बायका तिथे जे लिहायच्या ते वाचून माझ्यासारख्या एकवीस वर्षांच्या मुलीला गप्प बसावंसं वाटायचं. चाकवतने लिहिलं होतं की तिला अंधाराची भीती वाटते आणि हे तिने अजून कुणाला सांगितलेलं नाही. घोळने आपल्या गेलेल्या बाळाचं नाव लिहिलं, नुसतं नाव, आणि खाली अकरा जणींनी काही न बोलता एकेक नमस्कार टाकला. मराठी नीट दिसावं म्हणून मी त्या फाँटशी दोन महिने झगडले होते. त्या एका ओळीने ते सगळे फिटले.

शेपू जरा उशिरा आली. तिने पहिल्याच दिवशी लिहिलं, "मी शेपू घेते, कारण ते कुणाला नको असतं." मग हळूहळू कळलं. बारावी झाल्यावर लगेच लग्न झालं होतं. पुढे शिकायचं राहूनच गेलं, आणि आता मुलगा हॉस्टेलला गेल्यावर तिने घरात न सांगता मुक्त विद्यापीठातून बी.ए.चा फॉर्म भरला होता. पुस्तकं गव्हाच्या पिंपात ठेवलेली, त्यामुळे त्यांना कडुनिंबाच्या पाल्याचा वास यायचा. वह्या मात्र ठेवायला जागा नव्हती. लिहिलेली वही घरात सापडली की प्रश्न येणार. म्हणून ती आपली उत्तरं गच्चीवर लिहायची. राज्यपालाचे अधिकार. पंचायत राजची रचना. रोज दुपारी दोन तास, आणि बाकीच्या बायका खाली शेरे द्यायच्या, "दुसरा मुद्दा कळला नाही गं, सोपा करून लिही." ती सोपा करून लिहायची. आमच्या घरातलं ते दही लावायचं मशीन ही तिची एकुलती एक वही होती.

ती कोण हे मला ठाऊक होतं. रजिस्टरमुळे. कुठल्या घरातून कोण किती वाजता आलं हे मशीन नोंदवायचं आणि दर रविवारी मी ते रकान्यांत उतरवायची. शेपू म्हणजे बी-सातमधल्या खैरनारकाकू. मऊ आवाजाच्या, कायम पदर खोचलेल्या, मला लहानपणी ताप आला की लसणाची खिचडी पाठवणाऱ्या. त्यांचे यजमान खैरनारकाका अण्णांच्याच शिफ्टचे, वीस वर्षांचे सोबती. एकदा बॉयलरजवळ पाइपातून वाफ फुटली. ती वाफ डोळ्यांना दिसत नाही, नुसता आवाज येतो. अण्णा तिच्यात पाऊल टाकणार तेवढ्यात काकांनी कॉलर धरून त्यांना मागे खेचलं होतं. माणूस दिलदार, पण बढतीच्या खात्याअंतर्गत परीक्षेत तीनदा नापास झालेला, आणि ती जखम फार ओली. काकूंनी पूर्वी कधीतरी शिकायचं नाव काढलं तेव्हा ते म्हणाले होते, "एका घरात एवढ्या परीक्षा बास." हे काकूंनीच, म्हणजे शेपूने, गच्चीवर लिहिलं होतं. तक्रार म्हणून नाही. त्यांना नवऱ्याचं वाईटच वाटायचं.

रजिस्टरबद्दल मी एकदा नानांना विचारलं होतं, की नोंदी आणखी बारकाईने कशा ठेवायच्या. त्यांचं उत्तर आलं, "कशाला? कोण मागणार आहे? आणि कुणी मागितलंच तर देणार आहात का? द्यायचं नसेल तर ठेवता कशाला?" मला राग आला. मी लांबलचक उत्तर लिहिलं की आमच्या घरात यंत्राची शिस्त असते, माझे वडील वीज केंद्रात आहेत, वगैरे. त्यावर नानांनी फक्त "बरं" एवढंच लिहिलं. नाना झापायचे तेव्हा काळजी नसायची. "बरं" म्हणाले की समजायचं, आता आपण आपल्या चुकीने शिकणार.

आणि मी ती चूक केली. वीज केंद्राच्या फाटकाशी एक फळा होता, त्यावर रोज सकाळी आकडे लागायचे, कुठल्या युनिटने किती वीज दिली, किती दिवस सलग चाललं. कामावर जाणारा प्रत्येक माणूस तिथे सायकल थांबवून बघायचा. आमचं अख्खं लहानपण त्या फळ्यावर पोसलेलं. चालणारी गोष्ट म्हटली की तिचे आकडे चारचौघांत लागले पाहिजेत, याच्यापलीकडे आम्हाला काही सुचतच नसे. गच्चीला सहा महिने झाले तेव्हा मी आणि अण्णांनी मिळून तिचा अहवाल केला. अण्णांनी रकाने आखले, मी आकडे भरले. नाव अर्थातच कुणाचं नाही, भाज्याच. एकूण किती लेख, कुठल्या इमारतीतून किती, कुठल्या तासाला जास्त गर्दी. सगळ्यात खाली, लाल अक्षरांत, कौतुक म्हणून: "सर्वाधिक लेखन – शेपू. बी-सात. दुपारी दोन ते चार." सकाळी मी तो कागद महिला मंडळाच्या दाराशी, दुधाच्या बूथशेजारी चिकटवला आणि दोन पावलं मागे जाऊन छान दिसतोय का ते पाहिलं. बी-सातमध्ये सहा घरं होती. माझी तार त्यातल्या एकाच घरात जात होती. ती मीच ओढलेली, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत शिरताना रस्त्यावरून सगळ्यांना दिसायची.

संध्याकाळी सहाला खैरनारकाका आमच्या दारात उभे. चप्पल काढली नाही. काकूंच्या परीक्षेला तेव्हा दहा दिवस राहिले होते. अण्णा चहा घेत होते, आई आत बाजरीचं पीठ मळत होती, आणि रजिस्टर कॅबिनेटवर, समोरच.

"वैशू, ते तुझं रजिस्टर आण बरं," काका म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग अहवालातली लाल ओळ आठवली. मी म्हणाले, "काका, ते कुणाला दाखवत नाही."

"का? लपवण्यासारखं काय हाय त्यात? चोर असंल तो लपवील. माझ्या घरातनं रोज दोन-दोन तास कोणीतरी काय लिहितंय, दूध घ्यायला आलेला माणूस मला ते सांगतो, हसतो, आणि मला माझ्याच घरातलं ठाऊक नाय?" त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "सुमनला विचारलं, ती नुसती रडायला लागली. माझ्याबद्दल लिहिते का ती? का दुसरं काही हाय? तू मला एवढंच सांग."

"नाही सांगणार," मी म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पाहिल्यावर मला कळलं की ते ऐकून त्यांची खात्रीच झाली. काही नसतं तर मी 'काही नाही' म्हणाले असते. रजिस्टर होतं, म्हणून माझा नकारसुद्धा काकूंच्या विरुद्ध गेला. इतकी वर्षं झाली, अनेक शहाण्या माणसांची या विषयावरची भाषणं ऐकली, पण त्या क्षणी आमच्या उंबऱ्यावर मला जे कळलं त्याहून जास्त कुणी काही सांगितलेलं नाही.

काका अण्णांकडे वळले. "बोरसे, वीस वर्षं एका शिफ्टला काढली आपण. मी तुला कधी काय मागितलं?"

खरं होतं. त्यांनी त्या कॉलरचा विषय चुकूनही कधी काढला नव्हता, तेव्हाही काढला नाही. अण्णांनी कप खाली ठेवला. ते रजिस्टरकडे बघत राहिले, आणि मी अण्णांकडे. ते म्हणाले, "खैरनार, वही तिची आहे. मी तिच्याकडे मागणार नाही." हे बोलताना त्यांचा चेहरा मला बघवेना. काका आत येऊन रजिस्टर स्वतः उचलतील अशीच मला भीती वाटली. ते दोन पावलांवर होतं.

तेवढ्यात आई बाहेर आली. कोपरापर्यंत पिठाचे हात तसेच. "भाऊजी, पोरीला कशाला विचारता? मला विचारा की. मीच हाय ती."

"कोण?"

"शेपू."

आई माझ्याकडे एकदाही न बघता बोलत होती. "दुपारची तुमच्याकडं येते आन् तिथं बसून लिहिते. इथं ही पोरगी चोवीस तास मशीनला चिकटलेली असती. हिच्यापुढं कसं लिहू? सुमनताईंना मीच शपथ घातलेली, कुणाला सांगू नका म्हणून. त्या रडतील नाय तर काय करतील बिचाऱ्या."

"दोन-दोन तास, वहिनी? असं काय लिहिता?"

आईने अण्णांकडे हात केला. "यांची गाऱ्हाणी."

मग आईने पदराला हात पुसले आणि म्हणाली, "बावीस वर्षांची हायेत. दोन तास पुरत नाय."

काकांच्या चेहऱ्यावरची गाठ सैल होत गेली ती मी पाहिली. आधी एक कोपरा, मग दुसरा, आणि मग ते असे हसले की त्यांना भिंतीला धरावं लागलं. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटतं ते सगळं हसण्याचं नव्हतं. "बोरसे," ते म्हणाले, "तुला ठाऊक होतं हे?"

अण्णांनी आयुष्यात खोटा आकडा लिहिला नव्हता. ते आईकडे बघत म्हणाले, "ठाऊक आहे मला." आणि मान खाली घातली. काकांनी मग चप्पल काढली, चहा घेतला, अण्णांना "आता तरी सुधर" असा सल्ला दिला आणि गेले. जिन्यावरून त्यांची पावलं गेल्यावर आई जिथे उभी होती तिथेच फरशीवर बसली. "जा," ती मला म्हणाली, "तो कागद काढून आण आधी." मी अनवाणी धावले.

आईला काकूंचं सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं. फॉर्म भरायला ती त्यांच्याबरोबर गेली होती. तिने ते मला सांगितलं नव्हतं, अण्णांना नाही, गच्चीवर अंबाडी म्हणूनही कधी ओळख दाखवली नाही. आणि मी, पासवर्डवाली, आपल्या घरात ठेवलं म्हणजे झाकून राहिलं अशा समजात. माझी मुलगी आज मला हसते, की आईला सगळं स्वतःच्याच मशीनवर पाहिजे, फोटो पण, पत्ते पण. हो, पाहिजे. अजून माझ्या घरात एक छोटी पेटी चालू असते आणि तिच्यावर लिनक्सच आहे. पण त्याने माणसं सुरक्षित होतात असं मी आता कुणाला सांगत नाही. कंपनीच्या जागी मी आले, एवढंच होतं. मग मी कशी आहे, हा प्रश्न उरतो, आणि त्याला कुठली तबकडी मिळत नाही.

त्या संध्याकाळी अण्णांनी रजिस्टर मांडीवर घेतलं. उघडलं नाही. मला वाटलं, आडवी रेघ आणि सही. ते म्हणाले, "चुकलेलं रीडिंग खोडायचं नसतं. पण हे घ्यायलाच नको होतं. मी तुला रकाने आखून दिले." मग त्यांनी ते आतून न बघता, मूठ-मूठ कागद धरून फाडलं. पुठ्ठा फाटेना तर गुडघ्यावर धरून वाकवला. मी मशीनवरच्या नोंदी पुसल्या आणि पुढच्या बंद केल्या. नंतर नानांना सगळं लिहून कळवलं. या वेळी झापणं आलं नाही. त्यांनी विचारलं, "परीक्षा देणार आहेत ना त्या?"

दिली. त्यासाठी आईला आपली थाप खरी करून दाखवावी लागली. ती रोज दुपारी काकूंकडे जाऊन बसायची. काकूंनी गच्चीवर लिहिणं त्याच दिवशी बंद केलं होतं, म्हणून मग त्या तोंडी उत्तरं म्हणायच्या आणि आई शेंगा फोडत, पुस्तक समोर धरून तपासायची. सातवी झालेली माझी आई रात्रीच्या जेवणाला अण्णांना विचारायची, "राज्यपाल कोण नेमतं, सांगा." अण्णांना यायचं नाही. शिफ्टवर तर त्यांचं जगणं कठीण झालं होतं. वहिनींची आज किती पानं झाली, असं जो तो विचारायचा. एकदा मी त्यांना म्हटलं, अण्णा, माझ्यामुळे तुम्हाला हे ऐकावं लागतंय. ते भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "अगं, ती असतीलच ना गाऱ्हाणी. लिहिली नाहीत म्हणून काय झालं." आणि त्यानंतर मी पाहिलं, रविवारी आईच्या आधी उठून ते चहा करायला लागले. साखर जास्त व्हायची. आईने कधी सांगितलं नाही.

काकू पास झाल्या. गुणपत्रिका त्यांनी स्वतःच काकांच्या हातात दिली, लपवायचं सगळं संपवून. दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर नाशिकरोडला जाऊन काकांनी ती लॅमिनेट करून आणली, आणि पुढच्या वर्षी प्रवेशाच्या वेळी कारकुनाला शिक्का मारायला जागाच मिळेना. शेपूचं पान मात्र गच्चीवर तसंच राहिलं, शेवटचं उत्तर अर्ध्यावर तुटलेलं. मी दोन वर्षं वाट पाहिली. विचारायची हिंमत झाली नाही.

ती आता झाली, कारण पन्नाशी हाकेवर आली आहे आणि हे प्रकरण लिहायचं तर त्यांना विचारल्याशिवाय लिहिणं शक्य नव्हतं. अण्णा नाहीत, काकाही नाहीत. काकू मुलाकडे असतात. मी हस्तलिखित घेऊन गेले, समोर बसून सगळं वाचून दाखवलं, आणि शेवटी विचारलं, परत का नाही लिहिलंत? त्यांनी माझा हात हातात घेतला. "तुझ्यावर राग नव्हता गं कधी. पण कुणीतरी मोजतंय असं एकदा कळलं ना, मग हात चालत नाही." एवढं सांगून त्या हसल्या, जशा काही माझीच समजूत घालत होत्या. मी रडले. या वयात, त्यांच्या सुनेने आणून ठेवलेल्या सरबतासमोर.

छापायला त्यांची हरकत नव्हती. मात्र त्यांना कुणी ओळखता कामा नये, अगदी घरातल्यांनीही. म्हणून सांगते, खैरनार हे त्यांचं आडनाव नाही, सुमन हे नाव नाही, इमारत ती नाही, आणि परीक्षेचा विषयही मी बदलला आहे. वसाहतीतल्या जुन्या लोकांनी अंदाज बांधायला घेतले तर ते चुकावेत याची मी पुरेशी सोय केली आहे. दोन ठिकाणी काकूंनी मला वाक्यं काढायला लावली, ती काढली.

मग त्या म्हणाल्या, "तुझा तो फोन जरा आतल्या खोलीत ठेवून ये." मी ठेवून आले. त्यांनी दार लोटून घेतलं, पाय वर घेऊन बसल्या आणि बोलायला लागल्या. ऊन सरकून पलंगाच्या पायाशी गेलं तरी त्या बोलत होत्या. मी ऐकलं. कुठे लिहून ठेवलेलं नाही.